आमची सायकलमंडळी

महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे हिंगोलीच्या बाहेर रस्त्याला उभे राहिलात, तर तुम्हाला एक गंमत दिसेल. सात-आठ सायकली एकामागे एक चाललेल्या असतात. सायकली जुन्या आणि सायकलवाले त्यांच्याहून जुने. कोणाच्या डोक्याला टॉवेल, कोणाला माकडटोपी. चाललेत आपले हसत-खिदळत.

आम्ही पहिल्यांदा निघालो, त्या दिवशी रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्याने हात जोडले आणि हळूच विचारले, "गुरुजी, कुणाच्या मातीला चाललाव?" इतकी म्हातारी माणसे सकाळी सकाळी एकत्र निघाली, म्हणजे कोणीतरी गेले असणार, असा त्याचा हिशेब. आमच्यातले कंपाउंडर लगेच म्हणाले, "अजून कोणी गेलं नाही. संध्याकाळी परत येताना मोजून घ्या."

तेव्हापासून तो आम्हाला 'मातीवाले' म्हणतो, आणि दर वेळी संध्याकाळी बोट दाखवून खरोखरच मोजतो.

वाचकहो, ही मंडळी कोण, ते आधी सांगतो. एक शिंपी आहेत. एक किराणा दुकानदार. एक दवाखान्यातले जुने कंपाउंडर. एक पोस्टमन. एक अंगणवाडीताई. मोंढ्यात हळदीची पोती उचलणारे एक हमाल; त्यांना सगळे मामा म्हणतात. सायकली दुरुस्त करणारे एक मिस्त्री. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांचे वय सत्तरीचे. आणि आठवे आम्ही, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेला हा हेडमास्तर. मंडळीला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. अध्यक्ष नाही म्हणूनच ती टिकली असावी.

आमच्या लहानपणी सायकल घरात नसे. ती दुकानातून तासाच्या भाड्याने मिळे. पाय सीटवरून पोहोचत नसत. मग मधल्या नळीखालून पाय घालून, कमरेत वाकून आम्ही सायकल शिकलो. गुडघे किती वेळा फुटले त्याची मोजदाद नाही. तुमच्यापैकी पुष्कळांचे असेच झाले असेल. पुढे घरोघर मोटरसायकली आल्या आणि सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. ती आम्ही पुन्हा काढली, एवढेच. सायकल फार कमी खाते बरे का! पायी चालायला जेवढा जोर लागतो, तेवढ्याच जोरात सायकल माणसाला जवळजवळ तिप्पट लांब नेते. पेट्रोल नको, वैरण नको.

आता आमच्या रस्त्यातल्या रीतीभाती ऐका.

प्रत्येकाला एक नाव पडलेले आहे. दुकानदारांना 'दोन मिनिटं' म्हणतात. कारण दर वेळी "आलोच दोन मिनिटांत" म्हणून ते अर्धा तास लावतात. आम्हाला 'हजेरी' म्हणतात. निघण्याआधी माणसे मोजायची आमची खोड जात नाही. शिंपी कोणाचीही पँट साखळीत अडकली की खूश होतात आणि म्हणतात, "या, उद्या दुकानात या." एकदा त्यांचीच पँट पार गुडघ्यापर्यंत फाटली. तेव्हा सात जणांनी एका आवाजात तेच वाक्य म्हटले. रस्त्याने जाणारी बैलगाडीसुद्धा थांबली.

कंपाउंडर सगळ्यांत मागे असतात. म्हणून त्यांचे नाव 'गार्डाचा डबा'. आगगाडीचा शेवटचा डबा गार्डाचा असतो, हे तुम्ही पूर्णा-अकोला गाडीला पाहिले असेल. गार्डाने हिरवा बावटा दाखवल्याशिवाय गाडी स्टेशन सोडत नाही. आमचेही तसेच आहे. चढावर पुढचे कितीही पुढे गेले, तरी माथ्यावर थांबायचे. गार्डाचा डबा आला, त्याने पाणी प्यायले, दम खाल्ला, 'चला' म्हणाला, की मगच चाक हलवायचे. पुष्कळ ठिकाणी असे होते, की पुढचे आराम करून उठतात तेव्हाच मागचा पोहोचतो. मग त्या बिचाऱ्याला आरामच नाही! आमच्यात तसे चालत नाही. २०२२ साली रेल्वेने गार्डाचे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केले. ते वर्तमानपत्रात वाचल्यापासून कंपाउंडर म्हणतात, "गार्ड म्हणू नका. मॅनेजर म्हणा."

समोरून वारा असला म्हणजे थट्टा बंद होते आणि अक्कल चालू होते. वारा सगळ्यांत जास्त पहिल्याला लागतो. त्याच्या मागे हात-दोन हात अंतर ठेवून जो चालतो, त्याला पुढच्याचा आडोसा मिळतो. आडोशाने पाव हिस्सा तरी जोर वाचतो. मोठ्या शर्यतीतले सायकलवालेसुद्धा हेच करतात. म्हणून पुढे एकानेच मरायचे नाही. थोडा वेळ एकाने वारा खायचा, मग बाजूला होऊन मागे यायचे, दुसऱ्याने पुढे व्हायचे. फक्त पुढच्याने अचानक ब्रेक मारायचा नाही. खड्डा आला की हात दाखवायचा आणि ओरडायचे. नाहीतर आठही जण एकावर एक! वाऱ्यात सगळ्यांत जास्त वेळ पुढे राहत ते मामा. पाठीवर पोते घेऊन चालणारा माणूस. त्याला वाऱ्याचे काय वाटणार? कंपाउंडर मागून ओरडत, "मामा, थोडे रुंद व्हा. मला वारा लागायला." मामा मान न वळवता म्हणत, "दवाखान्यात सुई टोचताना तुमाला कीव आली व्हती का?"

पंक्चर झाले म्हणजे मात्र चाचांचे राज्य. चाचा झाडाखाली बसतात. ट्यूब काढतात, हवा भरतात, पाण्यात धरतात. बुडबुडा जिथून येईल तिथे छिद्र. ती जागा पुसून कोरडी करायची. रेजमाल कागदाने घासायची. मग सोल्युशन लावायचे आणि थांबायचे. सगळी कला त्या थांबण्यात आहे. सोल्युशन सुकून बोटाला चिकटेनासे झाले की ठिगळ ठेवायचे आणि ठोकायचे. घाईच्या माणसाचे ठिगळ दोन मैलांवर सुटते. चाचा म्हणतात, "ओल्यावर ठिगळ लावू नका." हे वाक्य पुढे आमच्या कामाला आले. ते सांगतोच.

सायकलला हवेचे टायर कोणी आणले, ठाऊक आहे? एका जनावरांच्या डॉक्टराने! आयर्लंड बेटावर बेलफास्ट नावाचे शहर आहे. तिथे जॉन बॉइड डनलप नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी होती. तिची टणक रबराची चाके दगडावर फार आदळत. बापाने रबराची नळी करून तिच्यात हवा भरली आणि ती चाकावर बसवली. १८८८ साली त्यांनी त्याचा हक्क नोंदवला. त्याच बेलफास्टमध्ये सायकलवाल्यांचा एक हौशी क्लब होता. त्याचा कप्तान विल्यम ह्यूम. १८८९ साली हा ह्यूम हवेची जाडजूड टायरे लावून शर्यतीला उतरला. लोक त्या फुगलेल्या चाकांना हसले. शर्यत सुटली आणि ह्यूमने सगळ्यांना मागे टाकले. मग कोण हसणार?

ही गोष्ट आम्ही सांगितली, तेव्हा चाचांनी हातातल्या ट्यूबला सलाम केला.

आमचा आवडता रस्ता नर्सीचा. नर्सी नामदेव आपल्या हिंगोली तालुक्यातच, कयाधू नदीच्या काठी आहे. संत नामदेवांचे हे गाव, असे परंपरा सांगते. तिथे गेले की झाडाखाली सायकली टेकायच्या, दर्शन करून यायचे आणि शिदोरी सोडायची. चाचा सायकलींपाशी बसतात. आम्ही आलो की विचारतात, "मोजून घ्या, चाकं सोळाच आहेत ना?" मग गोष्टी निघतात.

नामदेव इथून किती लांब गेले, पाहा. पार पंजाबात. तिथे घुमान गावी ते पुष्कळ वर्षे राहिले. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्या घुमानला भरले होते. आणि २०२२ साली कार्तिकी एकादशीला पंढरपूरहून घुमानला सायकलवारी निघाली. सुमारे २३०० किलोमीटर! हे ऐकून दुकानदार म्हणाले, "आपणही जाऊ. फक्त निघताना दोन मिनिटं द्या." ताई म्हणाल्या, "तुमची दोन मिनिटं संपेपर्यंत ते परत यायचे."

नर्सीच्या त्याच झाडाखाली आम्ही मुंबईच्या सहा तरुणांची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो. ती खरी घडलेली आहे.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईत काही पारशी पोरे वजन उचलण्याच्या एका तालमीत, म्हणजे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबात, कसरतीला जात. युरोपातून पायी हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच माणसाचे व्याख्यान त्यांनी ऐकले होते. ते त्यांच्या डोक्यात बसले. तो पायी येतो, तर आपण सायकलने जगाला फेरी का घालू नये? झाले. १५ ऑक्टोबर १९२३ या दिवशी सहा जण मुंबईहून निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरीमन कपाडिया अशी त्यांची नावे. विशी-पंचविशीतली पोरे. तेव्हा आजच्यासारखे नकाशे नाहीत, डांबरी रस्ते नाहीत, खिशात फोन नाही.

ते पंजाब, बलुचिस्तान ओलांडून इराणात गेले. तिथून इराकात, बगदादला. पुढे वाळवंट. बगदाद ते अलेप्पो हे साडेनऊशे किलोमीटर अंतर. ते त्यांनी तेवीस दिवसांत काटले. वाळूत चाक रुतते. पाणी मिळत नाही. ऊन असे, की सायकलच्या लोखंडाला हात लावता येत नाही. तिथून युरोप, इंग्लंड, मग बोटीने अमेरिका. अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा सायकलवर. मग जपान, कोरिया, चीन, पुढे सयाम आणि ब्रह्मदेश. आसामच्या बाजूने पुन्हा आपल्या देशात. १८ मार्च १९२८ ला ते मुंबईत परत आले. चार वर्षे पाच महिने लागले. सुमारे ४४ हजार मैल, म्हणजे ७० हजार किलोमीटर रस्ता झाला.

पण परत आले किती? निघाले सहा, आले तीन. नरीमन तेहरानहून मागे फिरला. गुस्ताद अमेरिकेत राहून गेला. केकीनेही तिथेच साथ सोडली. शेवटपर्यंत राहिले ते अदी, जाल आणि रुस्तम. या तिघांनी प्रवासाचे पुस्तक लिहिले. ते १९३१ साली छापले गेले. त्याला पंडित नेहरूंनी प्रस्तावना लिहिली.

गोष्ट संपली. सगळे गप्प होते. ताई म्हणाल्या, "चार वर्षं रोज तीच तोंडं. भांडले कसे नाहीत?" शिंपी म्हणाले, "भांडले असतील. पण पंक्चर झालं की पुन्हा एक होत असतील." मामा मात्र शेंगदाणे हातात तसेच धरून बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, ते तिघं मागं राहिले, ते दमून राहिले का मन मोडून राहिले?"

आम्ही म्हणालो, "एक तिकडेच रमला, एक घरी परतला. प्रत्येकाचे कारण वेगळे असते, मामा."

मामा म्हणाले, "व्हय. दमलेला मानूस दिसतो. मन मोडलेला दिसत न्हाई."

या बोलण्याकडे आम्ही तेव्हा फारसे लक्ष दिले नाही.

आता नाशिकच्या दोन भावांचेही सांगतो. डॉक्टर हितेंद्र महाजन आणि डॉक्टर महेंद्र महाजन. २०१५ साली अमेरिकेत, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत त्यांनी दोघांत मिळून पुरी केली. सुमारे ४८०० किलोमीटर, आणि नऊ दिवसांच्या आत. एक सायकल चालवी तेव्हा दुसरा विसावा घेई. एकाने उतरायचे, दुसऱ्याने चढायचे. शेतावर पाण्याची पाळी असते ना, तसेच. दुसरा वेळेवर उठेल, हा भरवसा असला तरच पहिल्याला झोप लागते.

असो. आता आमच्या मंडळीत काय घडले ते सांगायचे आहे. सांगताना थोडी लाज वाटते. पण थट्टेच्या गोष्टी सांगायच्या आणि तेवढी एक गाळायची, हे बरे नव्हे.

फाल्गुन महिना होता. आम्ही औंढा नागनाथला निघालो होतो. मोंढ्यात हळदीची आवक सुरू झालेली. मामांनी आदल्या रात्री उशिरापर्यंत पोती उचललेली. त्या दिवशी ते पुढे नव्हते. मधेच चालत होते, मान खाली घालून. ऊन चढले. मामांनी विचारले, "किती राहिलं हो?"

रस्त्याकडेला किलोमीटरचा दगड होता. त्यावर आकडा होता ११. शिंपी गंभीर तोंड करून म्हणाले, "तीनच राहिले, मामा."

मामांना वाचता येत नव्हते. मोंढ्यात ते पोत्यावरची खूण रंगाने ओळखत. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. मामांनी जोर लावला. पुढचा दगड आला. पोस्टमन म्हणाले, "दोन!" मामा उभे राहून पायडल मारू लागले. त्याच्या पुढचा दगड आला. दुकानदार म्हणाले, "आता एकच!" मामा घामाने निथळत होते. पण तोंडावर हसू होते. देऊळ आता दिसेल, आता दिसेल, म्हणून मान उंच करून पाहत होते.

देऊळ काही दिसेना. पुढच्या दगडापाशी एक पोरगे शेळ्या घेऊन उभे होते. आठ-नऊ वर्षांचे असेल. मामांनी त्याला विचारले, "बाळा, औंढा कुठं हाय?" पोराने दगडाकडे पाहिले आणि म्हटले, "आठ किलोमीटर, आजोबा."

आम्ही सगळे जोराने हसलो. कंपाउंडर तर सायकलवरून उतरून हसले. एकट्या ताई हसल्या नाहीत. आम्हीही हसलो, हे इथे लिहून ठेवतो. जन्मभर ज्याने पोरांना आकडे शिकवले, तो मास्तर दगडापुढे उभ्या असलेल्या माणसाला हसत होता.

मामाही हसले. "फसिवलं की राव," म्हणाले. पुढे औंढ्याला गेलो, दर्शन झाले, चहा झाला, परत आलो. हॉटेलवाल्याने आठ मोजले. काही झाले असे कोणाला वाटले नाही.

पुढच्या महिन्यात मामा आले नाहीत. मोंढा जोरात असेल, असे म्हणालो. त्याच्या पुढच्या महिन्यातही आले नाहीत. त्या दिवशी समोरून वारा होता आणि पुढे व्हायला कोणी नव्हते. कोणाला थट्टा सुचेना. नर्सीच्या झाडाखाली चाचांनी चाके मोजली. "चौदा," ते म्हणाले, आणि आमच्याकडे पाहिले.

तेव्हा आम्हाला मामांचे ते वाक्य आठवले. दमलेला माणूस दिसतो.

आम्ही, शिंपी आणि चाचा, तिघे संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मामांनी घोंगडी टाकली. वहिनींनी चहा ठेवला. नात कोपऱ्यात पाटी घेऊन बसली होती. इकडचे तिकडचे बोलणे झाले. शेवटी शिंपी म्हणाले, "मामा, त्या दिवशीचा राग आलाय का? चेष्टा होती ती."

मामा म्हणाले, "चेष्टेचं काय न्हाई. मोंढ्यात आमी एकमेकाच्या बापापर्यंत जातो. गार्डाला गार्ड म्हणता, ते तुमाला उलटं बोलतेत. तुमची पँट फाटली, आमी हसलो, तुमी बी हसलाव. पर दगड समद्याला दिसत व्हता. मला एकट्याला दिसत नव्हता. मी उलटं काय बोलू?"

खोलीत कोणी बोलले नाही. नातीची लेखणी पाटीवर वाजत होती तेवढीच.

शिंपी म्हणाले, "चुकलं, मामा." आम्ही म्हणालो, "पहिली चूक आमची." आणि लगेच, मास्तरकीच्या सवयीने, पुढचे बोलायला तोंड उघडले: येत्या रविवारी या, आम्ही तुम्हाला शिकवू, अमुक करू, तमुक करू. चाचांनी आमचा गुडघा दाबला. बाहेर आल्यावर म्हणाले, "गुरुजी, सोल्युशन लावलंय. वाळू द्या की."

आम्ही वाळू दिले. पुढच्या रविवारी मामा आले नाहीत. कोणी बोलावणे धाडले नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात आम्ही निघालो, तर कोपऱ्यावर सायकल टेकवून मामा उभे. कंपाउंडर म्हणाले, "आले का? मला दोन महिने वारा लागून सर्दी झाली." मामा म्हणाले, "औषध घ्या. तुमच्याच हातचं घेऊ नका म्हंजे झालं." सगळे हसले. मामा पुढे झाले.

पहिल्या दगडापाशी मात्र त्यांनी स्वतःच ब्रेक मारला. म्हणाले, "गुरुजी, हे काय लिवलंय? खरं सांगा."

त्या दिवसापासून रस्ता हीच मामांची शाळा झाली. दर फेरीला चार-पाच दगड. तुम्हीही आपल्या गावाजवळचा दगड नीट पाहा. त्याचा माथा रंगवलेला असतो. माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्याचा रस्ता. नारिंगी असेल तर गावाकडचा रस्ता. रंग मामांना लगेच कळले. पोत्यांमुळे त्यांची नजर तयार होती. मग आकडे. १ आणि ९ यांत मामांचा घोटाळा होई. आम्ही सांगितले, एकाची शेपटी खाली सरळ, नवाला पोटाशी आणखी वळण. ५ आणि ६ तर फार छळत. मामा ते बोटाने दगडावर गिरवीत. बोटाला चुना लागे. काही दगडांवर आकडे इंग्रजी असतात. तेही मामांनी एकाआड एक करून घेतले.

आकड्यांनंतर नावे आली. हिंगोली आले. नर्सी आले. औंढा लिहिताना 'ढ' आला, तेव्हा पोस्टमन हळूच हसले. मामांनी विचारले, "कामून हसायलाव?" पोस्टमन घाबरून गप्प झाले. आम्ही सांगितले, "मामा, शाळेत ज्याला काही येत नाही त्याला 'ढ' म्हणतात. का म्हणतात, तर बाकी सगळी अक्षरे काळाप्रमाणे बदलत गेली. अशोक राजाच्या वेळची ब्राह्मी लिपी आज तुम्हाला वाचता येणार नाही. पण त्यातला ढ जवळजवळ असाच आहे. त्यात काही सुधारणा नाही, म्हणून तो ढ, असे लोक म्हणतात."

"अशोक राजाला किती वर्सं झाली?"

"सव्वादोन हजार."

मामांनी दगडावरच्या ढ वर हात ठेवला. म्हणाले, "सव्वादोन हजार वर्सं ह्यो एकटा सुधारला न्हाई. तरी नागनाथाच्या गावात जागा धरून बसलाय. चांगलं हाय की!"

ती फेरी आम्हाला सगळ्यांना हसू आवरेना. पोस्टमनना तेव्हापासून मामा 'अशोकराव' म्हणतात. का, ते पोस्टमननाही सांगता येत नाही.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नर्सीहून परत येत होतो. निघायला उशीर झाला होता, दोन मिनिटांमुळेच. अंधार पडायला लागला. आमचा चश्मा सकाळी पडून फुटला होता. तो खिशात दोन तुकडे होऊन बसला होता. मामा पुढे होते. आम्ही दमलो होतो, पण सांगायचे कसे? शेवटी विचारले, "मामा, किती राहिले?"

पुढून आवाज आला, "हिंगोली तीन, गुरुजी!"

आम्ही जोर लावला. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "दोन!" आम्ही उभे राहून पायडल मारले. शर्ट घामाने भिजला. गावाचे दिवे आता दिसतील म्हणून मान उंच केली. "एकच राहिला!" मामा ओरडले. पण दिवे काही दिसेनात.

मागे कोणीतरी हसू दाबत होते. त्या ताई होत्या. औंढ्याच्या रस्त्यावर ज्या हसल्या नव्हत्या, त्याच. मग शिंपी हसले. मग सगळेच. आम्ही सायकल थांबवली, दगडापाशी गेलो, डोळे अगदी जवळ नेले. काही दिसेना. शेवटी बोटाने चाचपले. पोटाशी वळण लागले. नऊ!

मामा पुढे एक पाय टेकून उभे होते. म्हणाले, "गुरुजी, कामून थांबलाव? दगड वाचता येईना का?"

आम्ही म्हणालो, "पोरा, उद्या पालकांना घेऊन ये."

हॉटेलपाशी पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. हॉटेलवाला कंदिलासारखी बॅटरी वर धरून रस्त्यात आला होता. त्याने एकेकाच्या तोंडावर उजेड मारला आणि मोजले. आठ भरले.